मशेरी, अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि त्याचं लक्ष

‘हाक मारली तरी बघत नाही, एका जागी टिकत नाही,’ अशी तक्रार अनेक अम्मी पालकसभेत करतात. घरात कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं लाडावलाय. बहिणींनो, कधी कधी या गोष्टीची सुरुवात बाळ पोटात असतानाच झालेली असते.

उजनीकाठच्या आपल्या गावांत अजून कितीतरी घरांत दिवस उजाडतो तो मशेरीने. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दातांना घासायची. दाढ दुखली तरी मशेरी, दिवस गेल्यावर मळमळलं तरी मशेरी. आपण तिला मंजन समजतो, नशा समजत नाही. पण ती तंबाखूच आहे. तिच्यातलं निकोटिन हिरड्यांतून आईच्या रक्तात आणि वारेतून बाळापर्यंत जातं. रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाचं पोषण कमी पडतं.

मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी १,२१७ गरोदर बायकांची पाहणी केली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. ३२ आठवड्यांच्या आत बाळंत होण्याची शक्यता तर त्यांच्यात जवळपास पाचपट आढळली.

शेवटच्या महिन्यांत बाळाचा मेंदू झपाट्याने वाढतो. ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या काही बाळांना चेहऱ्यावर नजर ठेवायला, ती दुसरीकडे वळवायला जास्त वेळ लागतो. गडबड-गोंगाटाने ती लवकर थकतात. पुढे शाळेतही काहींचं लक्ष टिकत नाही. सगळ्यांचंच असं होत नाही, आणि याचं एकच कारण नसतं. म्हणून आईला दोष देऊ नका.

अशा बाळाचं वय मोजताना आधी जन्मल्याचे दिवस वजा करा. दोन महिने आधी आलेलं आठ महिन्यांचं बाळ सहा महिन्यांचं धरा. त्याला उघड्या छातीशी धरा, वीतभर अंतरावरून हळू बोला. त्याने तोंड फिरवलं, जांभई दिली तर थांबा; ते थकलंय. मोबाईल दाखवून गप्प करू नका. कान आणि डोळे तपासून घ्या. आशाताई घरी येतात तेव्हा आणि अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीचं पथक येतं तेव्हा, बाळ किती आठवड्यांचं जन्मलं ते आवर्जून सांगा.

मशेरी सोडायला १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर मदत मिळते. आणि एक विनंती घरातल्या दादींना. सुनेला ‘सोड’ म्हणण्याआधी चुलीजवळची डबी तुम्हीच उचलून टाका. डबी समोर असताना तिने एकटीने सवय मोडायची, हे फार अवघड आहे.