साक्ष

आमच्या खर्ड्याचे नाव शाळेच्या इतिहासात एकदाच येते. ११ मार्च १७९५ रोजी येथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, एवढे वाक्य पाठ केले की दोन गुण मिळतात. लढाई कशावरून झाली हे फारसे कोणी विचारीत नाही. ती झाली थकबाकीवरून. चौथ-सरदेशमुखीचे वर्षानुवर्षांचे येणे पुण्याने मागितले, हैदराबादने टोलवले, आणि अखेर हिशेब रणांगणावर आला. निजामाने निंबाळकरांच्या किल्ल्यात आसरा घेतला, तह झाला, कोट्यवधी रुपये कबूल झाले. पण त्याच साली ऑक्टोबरात सवाई माधवराव वारले, गादीचा तंटा उभा राहिला, निजामाची मदत नाना फडणिसांना हवीशी झाली आणि १७९६ मध्ये कबूल करून घेतलेले पुष्कळसे सोडून द्यावे लागले. माणसांनी माणसांकडून घेतलेल्या हिशेबाचे बहुधा असेच होते. गरज पडली की वही मिटते.

आमचे घर ख्रिस्ती. आजी रात्री प्रार्थना संपली की कंदील बारीक करण्यापूर्वी (वीज असली तरी तिला कंदीलच लागे) सर्वांना विचारी, "आज कुणाचं काही राहिलं का?" लहानपणी मला वाटे, ती दुकानाच्या उधारीबद्दल विचारते. पुढे मत्तयकृत शुभवर्तमानातील पंचविसावा अध्याय स्वतः वाचला तेव्हा तिचा प्रश्न कळू लागला. त्यात रुपयांचा दृष्टांत आहे. धनी परदेशी जाताना दासांवर आपली ठेव सोपवतो आणि परत आल्यावर हिशेब मागतो. शिक्षा होते ती ठेव जमिनीत पुरून ठेवणाऱ्याला. त्याने चोरी केलेली नाही, उधळपट्टी केलेली नाही, सगळा पैसा जसाच्या तसा परत आणला आहे. तरीही तो दोषी. मला हा दृष्टांत फार दिवस अन्यायाचा वाटत असे. 'मी कुणाचे वाईट केले नाही' एवढ्यावर सुटता येत नाही, हे पचायला जड जाते.

ठेव न पुरणारी माणसे कशी असतात हे पाहायला आम्हांला दूर जावे लागले नाही. डॉ. रजनीकांत आरोळे मूळचे आमच्याच जिल्ह्यातले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेल्या या डॉक्टरांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल यांनी खेड्यातील गोरगरिबांसाठी आयुष्य वेचण्याचा निश्चय लग्नातच केला होता. अमेरिकेतील शिक्षण संपवून ती दोघे परतली आणि १९७० साली त्यांनी जामखेडला, म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावी, काम सुरू केले. त्या वेळी या भागात हजारी पावणेदोनशेच्या आसपास अर्भके वर्षाच्या आत दगावत. मोठे इस्पितळ बांधून ही दोघे नामांकित झाली असती, आणि कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी काय केले, तर गावोगावच्या बायकांना, त्यांतही बहुतेक निरक्षर आणि पुष्कळशा दलित बायकांना, आपली विद्या देऊन टाकली. बाळंतपण, जुलाबावरचे साखर-मिठाचे पाणी, कुष्ठरोगाची ओळख, सगळे. अर्भकांचे मरण झपाट्याने खाली आले. १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरचे लोक जामखेडला शिकायला येऊ लागले. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली.

परंतु मला त्या आकड्यांपेक्षा दोन लहान गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. प्रशिक्षणाला आलेल्या निरनिराळ्या जातींच्या बायका रात्री एकाच मोठ्या गोधडीखाली झोपत. आणि दुष्काळात कूपनलिका खणायच्या वेळी, असे सांगतात, पाणी पाहणाऱ्या जाणकाराला डॉक्टरांनी आधीच सुचवून ठेवले होते की जागा दलित वस्तीतच दाखवायची. पाणी हवे तर गावाने तिकडे यावे! यात थोडी लबाडी आहे, हे मान्य. तरी मला वाटते, देवाच्या वहीत ती जमेच्या बाजूला लिहिली गेली असेल.

वर्गातील एक मित्र म्हणतो, चांगले काम करायला देव कशाला हवा? धाकाने केलेली सेवा ती सेवाच नव्हे. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. आरोळे दांपत्याने कोणालाही धर्म बदलायला सांगितले नाही, त्यांच्या बायका हिंदू होत्या, मुसलमान होत्या, आणि त्यांनी ते काम देवाच्या धाकाशिवाय उत्तम केले. मी त्याला एवढेच म्हणतो, की जिथे कोणी विचारणारे उरत नाही तिथे काय करायचे? आणि अशी जागा माझ्याच गावात आहे.

२८ एप्रिल २०१४ रोजी खर्ड्यात सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी तो बोलला, या रागातून हे घडले असा आरोप होता. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. मोठी माणसे हळू आवाजात बोलत आणि आम्ही आलो की विषय बदलत, एवढे आठवते. नोव्हेंबर २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयाने नऊही आरोपींना निर्दोष सोडले, कारण बरेच साक्षीदार फिरले होते. कोण खरे, कोण खोटे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. एवढे खरे, की एक मुलगा मारला गेला आणि कोणीही दोषी ठरले नाही. १७९६ सारखीच वही मिटली.

'साक्ष' हा शब्द आम्हां ख्रिस्ती लोकांच्या रोजच्या बोलण्यातला. उपासनेत कोणी उभे राहून प्रभूने आपल्यासाठी काय केले ते सांगतो, त्याला आम्ही साक्ष देणे म्हणतो. मीही दिली आहे. दहावीत चांगले गुण मिळाले तेव्हा. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती घरे पुष्कळशी महार-मांग वस्त्यांतूनच आलेली. आमची जात गेली, असे आम्ही अभिमानाने सांगतो. त्या निकालानंतरच्या रविवारी आमच्या घरी प्रार्थनेत त्या मुलाच्या आईचा उल्लेख झाला का, हे मी वडिलांना मागच्या दिवाळीत विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले. "नसेल झाला," म्हणाले.

वडिलांना बोल लावायला मी मोकळा नाही. मी राहतो त्या वसतिगृहात गेल्या वर्षी मेसमध्ये एका सीनियरने पहिल्या वर्षाच्या मुलाचे ताट जातीवरून शिवी देऊन बाजूला सारले. मी समोरच्याच बाकावर होतो. दुसऱ्या दिवशी चौकशी झाली, मलाही बोलावले. मी म्हणालो, "सर, मी जेवत होतो, माझं लक्ष नव्हतं." चौकशी तिथेच संपली. सत्र संपण्याआधी तो मुलगा वसतिगृह सोडून गेला, आणि रोज तीस किलोमीटर एस.टी.ने ये-जा करू लागला. जिन्यात भेटला की तो मला नमस्कार करतो. हा नमस्कार मला सोसत नाही.

वार्षिकासाठी लेख द्या, असे संपादक सरांनी सांगितले तेव्हा 'ख्रिस्ती जीवनाचे ध्येय' या विषयावर मी चार पाने लिहून काढली. त्यांत सगळे होते. जामखेड होते, दृष्टांत होता, आजी होती. फक्त हा बाक नव्हता. ती पाने मी दिली नाहीत.

परवा वसतिगृहाच्या सरांच्या खोलीत गेलो. ते विषय विसरले होते. आठवण करून द्यावी लागली. मग त्यांनी कपाटातून जुने रजिस्टर काढले, चष्मा लावला आणि तारीख विचारली. ती मला पाठ होती.