भरलेली वाटी आणि तहानलेला जीव



गेल्या वैशाखातील एका दुपारी जिंतूर रस्त्यालगतच्या एका घरी रुग्ण तपासण्यासाठी जावे लागले. परभणीचे ऊन आपणांस नवे नाही. घरातील 78 वर्षांचे आजोबा दोन दिवसांपासून असंबद्ध बोलत होते. ‘वय झाले, आता विसरायला लागले’ असे घरच्यांनी धरून चालले होते. तपासले तेव्हा जीभ कोरडी, नाडी जलद, उठवून बसवताच रक्तदाब खाली आणि सकाळपासून लघवी अगदी थोडी व गडद. हे विस्मरण नव्हते. शरीरातील पाणी कमी झाले होते. उशाशी मात्र पाण्याने भरलेला तांब्या होता. सूनबाई कळवळून म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, रोज तांब्या भरून ठेवते, पण बाबा पीतच नाहीत.”

आजोबांना सलाईनसाठी रुग्णालयात पाठवण्याची व्यवस्था होईपर्यंत ओसरीवर थांबलो. तिथे त्यांच्या नातवाने मला आपले गुपित दाखवले. पुठ्ठ्याच्या खोक्यात, दोन काटक्यांवर, शेताच्या बांधावरील बोरीवरून आणलेला एक सरडगुहिरा बसला होता. रंग मळकट, डोळ्यांचे बुबुळ फिरते पण डोळे खोल गेलेले, अंगावरची कातडी सैल. शेजारी पाण्याने भरलेली वाटी. मुलगा म्हणाला, “तीन दिवस झाले, वाटीला तोंडच लावत नाही.” एकाच घरात एकाच तासाभरात तीच तक्रार मी दुसऱ्यांदा ऐकत होतो.

मी माणसांचा डॉक्टर. म्हणून आमच्या शहरातील पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेल्या एका मित्राला दूरध्वनी केला. त्यांनी जे सांगितले ते नातवंडांच्या हट्टापायी असा प्राणी घरात आलेल्या प्रत्येक आजी-आजोबांना ठाऊक असावे, म्हणून आजचा हा लेख.

वाटी का उपयोगाची नाही?

सरडगुहिरा झाडावर राहणारा प्राणी आहे. त्याची बोटे फांदी पकडण्यासाठी दोन आणि तीन अशा जुड्यांत विभागलेली असतात आणि शेपटी हाताप्रमाणे फांदीला वेढा घालते. त्याचे पाणी म्हणजे पानावरचे दव आणि पावसाचे थेंब. चमकणारा, ओघळणारा थेंब त्याला पाणी म्हणून कळतो. वाटीतले स्थिर पाणी बहुधा कळतच नाही. उन्हाळ्यात दव नसते तेव्हा तो भक्ष्य कीटकांतील ओलाव्यावर बराचसा भागवतो आणि दुपारी दाट पानांच्या सावलीत निश्चल राहून अंगातले पाणी जपतो. खोक्यात त्याचे हे सारे उपाय संपतात. सावली निवडता येत नाही, कीटक मिळत नाहीत, थेंब दिसत नाही.

पाणी कमी पडल्याची लक्षणे ओळखता येतात. डोळे खोल जातात, कातडीला सुरकुत्या पडतात, भूक मंदावते. त्याच्या विष्ठेसोबत एक घट्ट पांढरा भाग पडतो. तो पिवळा वा नारिंगी दिसू लागला तर पाणी अपुरे आहे असे समजावे. असेच चालू राहिले तर मूत्रपिंडे निकामी होतात आणि सांध्यांत युरिक आम्ल साचते. आपल्याकडील ‘गाऊट’चाच हा प्रकार.

सापडलेला सरडगुहिरा: काय करावे, काय करू नये

प्रथम कायद्याची गोष्ट. आपल्या बांधावर आढळणारा भारतीय सरडगुहिरा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षित आहे. त्याला पकडणे, पाळणे वा विकणे हा गुन्हा आहे. त्यामुळे त्याला निरोगी ठेवण्याचा खरा उपाय एकच: जिथून आणला तिथेच, त्याच झुडपावर, उन्हे उतरल्यावर सोडून देणे. दूरच्या अनोळखी जागी सोडू नये.

तो थकलेला दिसत असेल तर सोडण्यापूर्वी पालेदार फांदीवर बसवून पानांवर फवारणीच्या बाटलीने बारीक तुषार उडवावेत आणि दूर उभे राहावे. पहिला थेंब चाटण्यास त्याला काही मिनिटे लागतात. घाई केल्यास तो पिणारच नाही. तोंड उघडून पाणी ओतू नये, कारण ते फुप्फुसात जाते. जखमी असेल तर वनविभागाच्या 1926 या निःशुल्क क्रमांकावर कळवावे.

आणि आजी-आजोबांना एक विनंती. याच्या विषाविषयी गावोगावी बऱ्याच दंतकथा आहेत आणि त्या भीतीपोटी तो दगडाखाली मारला जातो. सरडगुहिरा विषारी नाही. तो पिकांवरचे कीटक खातो. नातवंडांना हे तुम्ही सांगितलेले जितके पटेल तितके आम्ही सांगितलेले पटणार नाही.

परदेशी जात पाळली असेल तर

मोठ्या शहरांत काही कुटुंबांकडे येमेन व सौदी अरेबियाकडील जातीचे सरडगुहिरे असतात. मुलगा-सून नोकरीवर गेल्यावर त्यांची देखभाल घरातील ज्येष्ठांकडेच येते. अशा प्राण्यांची 2024 च्या नियमांनुसार शासनाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी आवश्यक आहे. ती झाली आहे ना, हे मुलांना विचारून घ्यावे.

पाण्याचा नियम तोच. सकाळी आणि सायंकाळी पानांवर तुषार उडवावेत किंवा वर टांगलेल्या भांड्यातून पानावर सावकाश थेंब पडू द्यावेत. दोन वेळांच्या मध्ये पिंजरा वाळला पाहिजे. सतत ओलसर कोंदट जागेत श्वसनाचे विकार होतात. म्हणून काचेच्या बंद पेटीपेक्षा हवा खेळती राहील असा जाळीचा पिंजरा बरा. ऊन मिळावे, पण हवे तेव्हा सावलीत जाता यावे. खाद्य म्हणजे जिवंत कीटक. त्यावर कॅल्शियमची भुकटी किती लावायची ते पशुवैद्यकास विचारावे.

आता तुमच्या स्वतःच्या प्रकृतीविषयी. सरपटणारे प्राणी निरोगी दिसत असले तरी त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला हे जिवाणू येऊ शकतात. त्यामुळे जुलाब व ताप येतो. पाच वर्षांखालील मुले, 65 वर्षांवरील ज्येष्ठ, तसेच मधुमेह किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांत हा आजार गंभीर होऊ शकतो. पिंजऱ्याला हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. पिंजऱ्यातील भांडी स्वयंपाकघरातील मोरीत धुऊ नयेत. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

आणि उशाशी भरलेला तांब्या

त्या दिवशी घरी परतताना मला स्वतःचीच चूक आठवत होती. तीन आठवड्यांपूर्वी याच आजोबांना मी ‘भरपूर पाणी पीत जा’ एवढेच सांगून वाटेला लावले होते. कोणी द्यायचे, किती वेळा द्यायचे, हे काहीच सांगितले नव्हते. रक्तदाबासाठी त्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू होती, हे ठाऊक असूनही उन्हाळ्यात तिचा फेरविचार केला नव्हता.

वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाणी हवे असते, पण घसा ते सांगत नाही. त्यात रात्री उठावे लागेल म्हणून काही जण पाणी टाळतात, तर काहींना जड तांब्या उचलवत नाही. म्हणून काळजीवाहकांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

1. पाणी ठेवू नका, हातात द्या. दर दीड-दोन तासांनी अर्धा पेला, तो रिकामा होईपर्यंत जवळ बसून.
2. नुसते पाणी नको असेल तर पातळ ताक, पन्हे, सूप किंवा पेज द्या. मधुमेह असल्यास साखर टाळा.
3. रात्रीची भीती असेल तर बहुतेक पाणी सायंकाळपूर्वीच होऊ द्या.
4. लघवीचा रंग पाहा. गडद लघवी, कोरडी जीभ, उठताना चक्कर किंवा अचानक सुरू झालेला गोंधळ दिसल्यास डॉक्टरांना लगेच कळवा. हाताची कातडी चिमटीत धरून पाहण्याची परीक्षा ज्येष्ठांत विश्वासार्ह नसते, कारण वयाने ती तशीही सैल झालेली असते.
5. हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गोळ्या परस्पर बंद करू नका.
6. गुंगीत असलेल्या किंवा आडव्या रुग्णाच्या तोंडात पाणी ओतू नका. तेही फुप्फुसात जाते.

आजोबा चौथ्या दिवशी घरी आले ते नातवाला नावाने हाक मारीतच. नातवाने त्याच सायंकाळी सरडगुहिरा बोरीवर सोडला होता. सोडण्यापूर्वी पानांवर तुषार उडवले, तेव्हा तो कितीतरी वेळ थेंब चाटत राहिला, हे त्याने मला मोठ्या अभिमानाने सांगितले. आता आजोबांना दर दोन तासांनी अर्धा पेला पाणी देण्याचे काम त्याच्याकडेच आहे. पेला रिकामा झाल्याशिवाय तो उठत नाही, अशी आजोबांची तक्रार आहे. ही तक्रार मी आनंदाने ऐकून घेतली.