ताळा करायला काय जातं?

गणिताची ॲप्स बनवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनो, हे तुमच्यासाठीच आहे. (राग आला तर येऊ द्या.)

प्रश्न: २(अ + ३) + ४ याला सोपं रूप द्या. तुमच्या डेटाबेसमध्ये उत्तर "२अ + १०". पोराने टाइप केलं "१० + २अ". लाल फुली! म्हणजे बेरजेत क्रम बदलला तरी चालतो हे शाळेत शिकायचं आणि तुमच्या स्क्रीनवर ते खोटं ठरायचं. हे गणित तपासणं नाही, स्पेलिंग तपासणं झालं. दोन स्ट्रिंग जुळवल्या की काम संपलं, चला घरी.

पंढरपुरात माझ्या मावसभावाची मुलगी आठवीत आहे. प्रदक्षिणा मार्गावरचं कुंकू-बुक्क्याचं दुकान बंद करून भाऊ रात्री घरी आला की त्याचा फोन तिच्या हातात येतो. मागच्या शनिवारी तिची वही चाळली तर बरोबर उत्तरं तिनेच खोडलेली. का गं? "काका, ॲप चूक म्हणालं." वर्गात सरांशी हुज्जत तरी घालता येते, ॲपशी काय घालणार? आता ती गणित सोडून ॲपच्या खोडी पाठ करते. "याला अ आधी लागतो," म्हणे!

अहो, जुने मास्तर काय करायचे? ताळा. दोन्हीकडे अ = १ घाला, मग २, मग ३. दोनपेक्षा मोठा घात नसेल तर दोन वेगळ्या बहुपदी जास्तीत जास्त २ किमतींना जुळतात. तिसऱ्या किमतीलाही जुळल्या तर त्या एकच, विषय संपला. राशी वाचणारा पार्सर लागतो हे मान्य, पण तोही आयता आणि फुकट मिळतो.

"पण 'अवयव पाडा'ला कुणी प्रश्नच उत्तर म्हणून लिहिला तर?" शंका रास्त आहे. अ² + ५अ + ६ आणि (अ + २)(अ + ३) ताळ्यात सारखेच. म्हणून रूपाची तपासणी वेगळी करा आणि सांगा ना तिला, "किंमत बरोबर आहे, अवयव पाडायचे राहिले." ख्रिस सँग्विन यांनी २००४ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात सुरू केलेली 'स्टॅक' प्रणाली हे दोन्ही वेगवेगळं तपासते. तिच्या पोटात 'मॅक्झिमा' हे बीजगणित करणारं सॉफ्टवेअर आहे. दोन्ही मुक्त स्रोत. तेव्हा बजेटचं रडगाणं नको.

बोर्डाच्या पेपरात निदान पायऱ्यांना गुण असतात. तुमच्याकडे हिरवं नाहीतर लाल. वर त्या लाल फुल्यांची टक्केवारी काढून पालकांना पाठवायची! भावाला मेसेज आलाय, "बीजगणित: कच्चे", आणि खाली लगेच पैसे भरायचं बटण. तो भरणारच होता. ज्या १२ गणितांवरून हा निकाल लागला, ती मी बसून ताळा करून पाहिली. ९ बरोबर होती.