शेतावरची गाडी नक्की कुणाची?

हापिसात पगारवाढीची पत्रं आली की पुढचे पंधरा दिवस दोनच विषय चालतात. एक नोकरी बदलायचा, दुसरा गाडी बदलायचा. यंदा दुसऱ्या विषयाला एक नवा फाटा फुटलाय. ज्याचं गावाकडं थोडंफार शेत आहे, किंवा ज्यानं मुळशी-भोरकडं जमिनीचा तुकडा घेतलाय (सातबाऱ्यावर घरच्यांचं नाव असल्याशिवाय महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही, त्यामुळे असे लोक मोजकेच), तो एकदम गंभीर चेहरा करून म्हणतो, "शेतावर कामाची गाडी हवी रे एक." आणि पुढच्याच वाक्यात थार येते.

थारबद्दल माझी काही तक्रार नाही. गाडी मलाही आवडते. माझी तक्रार त्या 'शेतावर कामाची' या तीन शब्दांना... म्हणजे दोन शब्दांना आहे. :)

आपण सॉफ्टवेअरवाले लोक. ग्राहकानं "एक चांगलं अॅप बनवून द्या" म्हटलं तर आपण त्याला चार तास बसवून विचारतो, की वापरणार कोण, कधी वापरणार, दिवसातून किती वेळा. गाडी घेताना मात्र आपण थेट अश्वशक्ती आणि टॉर्कवर येतो. वापरणार कोण हा प्रश्न कुणी विचारतच नाही, कारण उत्तर गृहीत धरलेलं असतं. मी! शनिवार-रविवार!

आमचं शेत जुन्नर तालुक्यात, नारायणगावपासून जवळ. पुण्याहून पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटर. मी महिन्यातून दोनदा जातो, म्हणजे फार तर चार दिवस. उरलेले सव्वीस दिवस तिथं आण्णा आणि आई असतात. त्या सव्वीस दिवसांत गाडीला काय काम असतं, याची यादी मी गेल्या हंगामात आण्णांना विचारून केली:

- टोमॅटोचा तोडा असला की एक दिवसाआड क्रेट बाजारात नेणे. एक क्रेट साधारण वीस किलोचा.
- खतं आणणे. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झालीय, डीएपीची ५० किलोची. एका खेपेला दहा-बारा गोण्या सहज होतात.
- जनावरांची पेंड, चारा, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, बांबू, तारा.
- विहिरीतली मोटार जळली की काढून दुरुस्तीला नेणे आणि परत आणणे. (हे कायम ऐन उन्हाळ्यात होतं. का, ते विचारू नका.)
- मजूर बायकांना सकाळी आणणे, संध्याकाळी सोडणे.
- दवाखाना, लग्नं, दहावे.
- आणि रात्रीचं पाणी.

या शेवटच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. शेतीची थ्री फेज वीज पाळीपाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. सौर फीडर झाले तिथं दिवसा मिळायला लागलीय, पण सगळीकडं नाही. रात्रीची पाळी असली की बारा वाजता उठून मोटार चालू करायला जायचं. आणि आमचा भाग बिबट्यांचा आहे. उसात बिबट्याची मादी पिलं घालते, हे आमच्याकडं बातमी म्हणून कुणी सांगत नाही. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उगाच नाही काढलेलं. अशा ठिकाणी एकसष्ट वर्षांचा माणूस रात्री मोटारसायकलवर, एका हातात बॅटरी धरून जातो. माझ्या लेखी शेतावरच्या गाडीची पहिली गरज ही आहे: चार दरवाजे, वर टप, पुढं चांगले दिवे. सनरूफ नसलं तरी चालेल.

आता या यादीवर एकेक गाडी घासून बघू.

थार (तीन दरवाज्यांची). चार माणसं, मागं दोन पिशव्या. जमिनीपासूनची उंची २२६ मिलीमीटर, खरोखरचा लो रेंज गिअर. गाडी म्हणून खणखणीत. पण मागच्या सीटवर जायला पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आईला ते जमणार नाही, आणि खताची गोणी त्यात टाकायला तुम्हालाच जमणार नाही, कारण आत सीट कव्हर साडेबारा हजारांचं असतं. २०२४ मध्ये आलेल्या पाच दरवाज्यांच्या रॉक्सनं चढ-उताराचा प्रश्न सोडवला, गोणीचा नाही.

जिम्नी. हलकी, चपळ, २१० मिलीमीटर उंची, लो रेंजसकट. चिखलात हलकं असणं हा मोठा गुण आहे. जुन्या जिप्सीचा लौकिक त्याच्यावरच उभा होता. पण मागची सीट न पाडता डिकी २०८ लिटरची. तीन क्रेट बसले तरी नशीब समजा.

बोलेरो. २००० सालापासून गावोगाव चालतेय. ७५ अश्वशक्ती म्हणजे कागदावर हसू येतं, पण ओढ खालच्या फेऱ्यातच मिळते आणि शेतावर तेवढंच लागतं. मागच्या दोन आडव्या सीट दुमडल्या की बऱ्यापैकी सामान मावतं. कुठल्याही तालुक्याच्या गावी हिचं काम करणारा मिस्त्री सापडतो. पण टोमॅटोचं पाणी, शेणखताचा वास आणि लग्नाच्या साड्या एकाच डब्यात! आई याला कधीच तयार होणार नाही.

व्ही-क्रॉससारखे मोठे पिकअप. पाच माणसं, मागं हौदा, फोर बाय फोर, पांढरी पाटी. सगळं आहे. पण किंमत पंचवीस लाखांच्या पुढंमागं आणि लांबी सव्वापाच मीटरच्या वर. आमच्या वस्तीच्या वळणावर ती वळवायची तर आधी चुलत्यांचा बांध फोडावा लागेल. चुलत्यांशी बांधावरून आमचं आधीच फार बरं चाललंय असं नाही.

बोलेरो कॅम्पर. पुढं दोन ओळींची बंद केबिन, पाच माणसं. मागं उघडा हौदा, एक टनाच्या आसपास वजन. म्हणजे कागदावर पन्नास क्रेट, दोरखंडानं आवळून. माणसं माणसांच्या जागी, खत खताच्या जागी. किंमत मोठ्या पिकअपच्या निम्म्याहूनही कमी.

माझं मत अर्थातच कॅम्परला. पण त्याला येणारे आक्षेपही खरे आहेत, ते झाकून उपयोग नाही.

पहिला आक्षेप, पिवळी पाटी. ही मालवाहू गाडी, त्यामुळे योग्यता प्रमाणपत्र लागतं. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. म्हणजे आरटीओची एक फेरी वाढली. विम्याचे दरही वेगळे. लायसनची काळजी मात्र उरलेली नाही. साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसनवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. आणि एकूण भारित वजन तीन टनांच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिटही लागत नाही. फक्त घेताना कागदावरचा आकडा बघून घ्या.

दुसरा आक्षेप, आराम. मागं पाटे असतात, एक टन पेलण्यासाठी कडक केलेले. रिकामी गाडी खड्ड्यात उडते. पुण्याहून दर आठवड्याला यातून ये-जा करायची तर पाठीचे हाल होतील. पण मी यातून ये-जा करणारच नाहीये! मी माझ्या जुन्या हॅचबॅकनं जाईन. ही गाडी तिथंच राहील.

तिसरा आक्षेप सगळ्यात लाडका: "फोर बाय फोर नको का?" इथं जरा थांबू. आमच्याकडची माती काळी. ओली झाली की फुगते आणि चाकाला लाडवासारखी चिकटते. टायरच्या खाचा एकदा भरल्या की चाक गुळगुळीत होतं, मग दोन चाकं फिरोत की चार, गाडी जागेवरच. वर साधं डिफरन्शिअल असलं की जे चाक मोकळं फिरतंय त्याच्याबरोबर दुसरंही तेवढ्याच दुबळ्या जोरावर बसतं. म्हणजे डांबरी रस्त्याच्या टायरवर नुसतं फोर बाय फोर लिहून भागत नाही. खाचांचे टायर हवेत, जमलं तर लॉक होणारं डिफरन्शिअल हवं. कोकणातल्या जांभ्याच्या चढावर किंवा मावळातल्या दगडी वाटेवर लो रेंज खरंच कामाला येतो, तिथं राहणाऱ्यानं जरूर घ्यावा. आमच्याकडं वर्षातले खरे अडचणीचे दिवस पंधरा-वीस, आणि अडचणीचा रस्ता पाणंदीचा तीनशे मीटर. त्या तीनशे मीटरवर मुरूम टाकून रोलर फिरवला, कडेला चर काढून पाण्याला वाट दिली, तर आमचीच नाही, शेजारच्या सात घरांचीही गाडी निघते. फोर बाय फोर फक्त माझ्याच गाडीला बाहेर काढतं.

पैशाचंही बघू. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. ट्रॅक्टरवर १२ चे ५ टक्के झाले, मालवाहू गाड्यांवर २८ चे १८. चार मीटरच्या आतल्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्याही १८ मध्ये आल्या. मोठ्या इंजिनांना ४०. गंमत म्हणजे तीन दरवाज्यांच्या थारमध्ये १८ टक्क्यांत बसणारं जे दीड लिटरचं डिझेल आहे, ते फक्त मागच्या चाकांवर चालतं. म्हणजे कर वाचवला तर फोर बाय फोर गेलं आणि फोर बाय फोर घेतलं तर कर आला. तरीही "शेतासाठी घेतली" असं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

ज्यांचं शेत भाड्यानं कसलं जातं, किंवा ज्यांच्या प्लॉटवर आंब्याची वीस झाडं आणि एक झोपाळा आहे, त्यांना तर मी कुठलीच कामाची गाडी घेऊ नका असं सांगेन. नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते. वर्षातून चार वेळा लागणारा पिकअप गावात फोन केला की दारात येतो, आणि त्या निमित्तानं गावातल्या एखाद्या पोराच्या हाती चार पैसे पडतात. तुम्हाला घाटात, पावसात, नाणेघाटाच्या वाटेवर भटकायला थार किंवा जिम्नी हवी असेल तर खुशाल घ्या. हौसेला मोल नाही. पण ती हौसेच्या खात्यात मांडा.

हा हिशोब मला एवढा महत्त्वाचा का वाटतो? कारण "शेतासाठी" म्हटलं की घरातले मोठे लोक गप्प बसतात. आण्णांना एसयूव्ही नको असेल, पण पोरगा शेताचं नाव घेतोय म्हटल्यावर ते नाही कसं म्हणणार? मग शेततळ्याचा कागद पुढच्या वर्षावर जातो, विहिरीवरची केबल तशीच जोड मारून चालते, आणि गाडी पाच दिवस पुण्याच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी राहते. रात्री बारा वाजता आण्णा मोटारसायकललाच किक मारतात.

म्हणून माझा नियम साधा आहे. गाडी जिथं राहणार, चावी जिथं राहणार, ठरवायचा हक्कही तिथलाच. मी हप्ता भरीन, कागद आण्णांच्या नावावर, आणि ट्रायल घ्यायला शोरूममध्ये तेच बसतील स्टिअरिंगवर. आई मागच्या सीटवर चढून-उतरून बघेल. त्यांना दोघांना कॅम्पर नकोशी वाटली तर साधी बोलेरो घेऊ आणि क्रेटसाठी भाड्याचा पिकअप बोलावू.

तोपर्यंत पाणंदीवर मुरूम टाकायचं बघतोय. सात घरांपैकी पाच जणांनी पैसे द्यायचं कबूल केलंय. चुलत्यांशी बोलायचं राहिलंय.