लिलाव नको, चिठ्ठ्या टाका!

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

भात झोडून झालं, शेतं मोकळी झाली की आमच्या शहापूर-मुरबाडकडे दोन चर्चा सुरू होतात. यंदा लग्नं कुणाकुणाची, ही पहिली. ती घरात चालते. दुसरी नाक्यावर चालते, यंदा लीगमध्ये कोण कुणाला घेणार? आसनगाव लोकलच्या दारात उभे असलेले, मुरबाडच्या स्टँडवर कल्याण गाडीची वाट बघणारे, एमआयडीसीतली सेकंड शिफ्ट संपवून टपरीवर आलेले, सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. "तो डावखुरा कुणाकडे गेला रे?" "ह्याला आयकॉन केला? मागच्या वर्षी तीन मॅचमध्ये अकरा रन काढलेत त्याने!" "अरे पण बॉलिंग बघ ना, शेवटची ओव्हर त्यालाच देतात." घरी सबमिशनच्या फायली पडलेल्या असतात, उद्या व्हायवा असते, तरी रात्री अकरापर्यंत आपण त्यात तोंड घालतोच. मजाच तेवढी असते!

त्या मजेबद्दल माझी अजिबात तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी तक्रार आहे ती लिलावाबद्दल.

होस्टेलवरच्या ज्या मित्रांना हा प्रकार माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे टेनिस बॉलचे सामने 'एक गाव एक संघ' असे व्हायचे, आजही होतात. गावची पोरं गावाकडून खेळणार, आधार कार्ड तपासणार, बाहेरचा सापडला तर संघ बाद. त्यातले वादही ठरलेले. ज्याचं आधार गावचं पण बिऱ्हाड डोंबिवलीत, तो चालेल का? मामाच्या गावी वाढलेला भाचा कुठला धरायचा? (या भाच्यापायी मॅच तास-तासभर थांबलेली मी पाहिली आहे.) मग आयपीएल आली आणि तिच्यामागून गावोगाव 'प्रीमियर लीग' आल्या. आता गावातल्या आणि आसपासच्या पाड्यांवरच्या सगळ्या पोरांची नावं एकत्र करायची. समजा आठ मालक. प्रत्येकाला सारखे पॉइंट, समजा १०००. प्रत्येक खेळाडूची बेस प्राइस २०. मग मंडप, माइक, स्क्रीनवर खेळाडूचा फोटो, यूट्यूबवर लाइव्ह, आणि "वीस एक वार... वीस दोन वार..."

आता मुद्द्यावर येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाला झालेल्या आयपीएलच्या लिलावात ऋषभ पंतला लखनौने २७ कोटींना घेतला. ते २७ कोटी कुणासाठी? पंतसाठी. कबड्डीतल्या आपल्या कोल्हापूरकडच्या सिद्धार्थ देसाईला २०१८ मध्ये यू मुंबाने ३६.४ लाखांना घेतलं, पोराने रेडमध्ये धुमाकूळ घातला आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. आपण यू मुंबावाले हळहळलो, पण त्याचं भलं झालं. टेनिस बॉलवाल्यांसाठी २०२४ मध्ये आयएसपीएल निघाली, पहिला हंगाम आपल्या ठाण्यातच, दादोजी कोंडदेव स्टेडियमवर झाला. तिथेही बोली म्हणजे खेळाडूची कमाई. या सगळ्या ठिकाणी लिलाव ही पगार ठरवायची पद्धत आहे. घामाचा मोबदला बाजार ठरवतो. ठीक आहे, पटो न पटो, त्याला अर्थ आहे.

आमच्या लीगमध्ये ४१० पॉइंटला गेलेल्या खेळाडूला काय मिळतं? टी-शर्ट. आणि २० पॉइंटला गेलेल्याला? तोच टी-शर्ट! म्हणजे किंमत आहे आणि पगार नाही. पॉइंट लुटुपुटूचे. त्या पॉइंटपायी मालकाच्या खिशातून एक रुपया जात नाही, लीग संपली की पॉइंटही संपले. मागे उरतो तो फक्त माइकवर सगळ्या गावासमोर पुकारलेला आकडा. आणि तो काही लवकर पुसत नाही. आमच्याकडे एक कीपर होता. चांगला नव्हे, बराच चांगला. बॅटिंग बेताची, म्हणून लिलावात कुणी हात वर करेना. पहिल्या फेरीत अनसोल्ड. दुसऱ्या फेरीत एका मालकाचे पॉइंट उरले होते म्हणून वीसला घेतला, आणि माइकवाल्याने वर एक विनोदही केला. त्या दिवसापासून पोरं त्याला 'बेस प्राइस' म्हणून हाक मारायला लागली. पुढच्या वर्षी त्याने फॉर्म भरला नाही. आता शनिवार-रविवार भिवंडीला गोडाऊनमध्ये ओव्हरटाइम करतो. विचारलं तर म्हणतो, वेळ मिळत नाही.

२०२५ मध्ये प्रो कबड्डीच्या लिलावात प्रदीप नरवाल अनसोल्ड राहिला आणि त्याने निवृत्ती घेतली. त्याच्या नावावर १८०० हून जास्त रेड पॉइंट, लीगच्या इतिहासात सगळ्यांपेक्षा जास्त. २०२१ मध्ये त्याने १ कोटी ६५ लाखांची बोली पाहिलेली होती. त्याच्याकडे निदान ते तरी होतं. आमच्या कीपरला आधीही काही मिळालं नव्हतं.

कुणी म्हणेल, एवढं काय मनावर घ्यायचं, खेळ आहे! बरं. मग एकदा म्हशाच्या यात्रेला जाऊन या. पौष पौर्णिमेला भरते, बैलांचा मोठा बाजार असतो. बैलबाजारातली जुनी रीत घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. देणारा-घेणारा हातावर रुमाल टाकायचे आणि खाली बोटं दाबून भाव ठरवायचे. शेजारी उभ्या असलेल्यालासुद्धा आकडा कळायचा नाही. बैलाचा भाव आपल्या आज्यांनी रुमालाखाली ठेवला आणि आपण पोरांचा भाव यूट्यूबवर दाखवतो! (प्लेसमेंटच्या दिवसांत बोर्डावर पॅकेजची यादी लागते तेव्हा पोटात कसं होतं, हे फायनल इयरवाल्यांना सांगायला नको. पण निदान ते पॅकेज खरं असतं हो.)

मग लिलाव नाही तर काय?

इथे जरा लांब जावं लागेल, थेट ऑस्ट्रेलियाला. आमचा एक सिनियर मेलबर्नला मास्टर्स करायला गेला आणि तिथल्या फुटबॉलच्या नादी लागला. हा आपला फुटबॉल नव्हे. बॉल अंडाकृती, एका बाजूला १८ खेळाडू, हातही चालतात आणि पायही. पण मैदान मात्र क्रिकेटचंच. मेलबर्नला ज्या मैदानावर बॉक्सिंग डे टेस्ट होते तिथेच यांची फायनल. हा खेळ १८५८-५९ मध्ये जुळवला गेला, तेव्हा हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांचं अंग मोकळं राहावं हाही एक हेतू होता. त्यामुळे आपला चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही. फायनल सप्टेंबरअखेर होते आणि ऑक्टोबरात सुरू होतो 'ट्रेड'. कुणाला सोडायचा, त्याच्या बदल्यात कुणाला मागायचा, उंच माणूस हवा की पळणारा हवा... सिनियर सांगतो, मॅच एकही नाही तरी ट्रेनमध्ये, ऑफिसात, हॉटेलात दुसरा विषय नाही. म्हटलं, अरे मग तू आसनगाव लोकलमध्येच आहेस की!

त्यांच्याकडेही आधी 'एक गाव एक संघ' सारखंच होतं. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून व्हिक्टोरिया राज्यातला ग्रामीण भाग क्लबांना वाटून दिलेला होता. अमुक भागातला पोरगा अमुक क्लबचाच. ज्याच्या वाट्याला चांगला भाग आला त्याची चंगळ, बाकीचे बसले बोंबलत. शिवाय बाहेरच्या राज्यांतून खेळाडू ओढून आणायला क्लब एकमेकांवर चढाओढ करायचे आणि त्यात काही क्लबांचं दिवाळं निघायची वेळ आली. म्हणून १९८६ मध्ये त्यांनी ड्राफ्ट आणला. गेल्या हंगामात जो तळाला, त्याने नव्या पोरांतून पहिला निवडायचा. जो विजेता त्याने शेवटी. बोली नाही, फक्त पाळी. आणि आपल्या भाच्याच्या वादासारखा वाद त्यांनी नियमात बसवून टाकला आहे. बाप ज्या क्लबकडून १०० सामने खेळला, तो क्लब मुलावर हक्क सांगू शकतो. मामाचं मात्र त्यांनी काही लिहिलेलं दिसत नाही!

ड्राफ्टमध्ये लबाडीच होत नाही असं कुणी समजू नये. तळाला गेलं की चांगला खेळाडू मिळतो म्हटल्यावर डोकी चालणारच. मेलबर्न क्लबच्या २००९ च्या हंगामाची अशीच चौकशी झाली. जाणूनबुजून सामने हरल्याचं सिद्ध झालं नाही, तरी २०१३ मध्ये क्लबला ५ लाख डॉलर दंड बसला. फीडबॅक लूप कुठलीही असो, तिला फसवायला माणूस बसलेलाच असतो.

आणि ड्राफ्ट आपल्याकडेही होऊन गेलाय, बरं का. २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये सचिन, द्रविड, गांगुली, युवराज, सेहवाग हे पाच 'आयकॉन' होते (आपल्या गावातला 'आयकॉन' शब्द तिथूनच आला), बाकीच्यांचा लिलाव झाला, पण अंडर-१९ च्या पोरांना लिलावात उभं केलं नाही. त्यांची रक्कम ठरलेली, संघांनी फक्त पाळीपाळीने निवडायचं. दिल्लीने प्रदीप सांगवानला घेतलं आणि घरचाच विराट कोहली बंगळूरला गेला. बोली एका पैशाची नाही, तरी दिल्लीने असं का केलं यावर आजही चहाच्या टपरीवर भांडणं होतात. म्हणजे मजा बोलीत नाही, निवडण्यात आहे.

आमच्या लीगला तळाचा-वरचा हा हिशोब लागू होणार नाही, कारण दरवर्षी संघ मोडून नवे होतात. म्हणून चिठ्ठ्या. आठ मालक, आठ चिठ्ठ्या. पहिल्या फेरीत १ ते ८ या क्रमाने निवडायचं, दुसऱ्या फेरीत उलट ८ ते १, तिसरीत पुन्हा सरळ. साप वळतो तसं. गणित करून बघा. पहिल्या मालकाला १ आणि १६ वा खेळाडू, आठव्याला ८ वा आणि ९ वा, बेरीज १७ च. मधल्या कुणाचीही काढा, १७ च येणार. चार फेऱ्या झाल्या की प्रत्येकाची बेरीज ६६. यापेक्षा सोपं बॅलन्सिंग आपल्या डायनॅमिक्सच्या पेपरातही नसतं.

राहता राहिला शेवटचा पोरगा. पाळीने निवडलं तरी कुणीतरी शेवटी राहणारच, आणि शाळेत संघ पाडताना शेवटी उरणं काय असतं हे आठवत नसेल तर तुम्ही नेहमी कॅप्टन होता! त्यावर माझा उपाय असा, की बारा खेळाडूंचा संघ असेल तर नऊच निवडायचे. उरलेल्या २४ जणांची नावं डब्यात टाकायची आणि चिठ्ठ्या काढून प्रत्येक संघाला तीन-तीन वाटायची. मग कोण शेवटचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. नावं ९६ च्या वर गेली तर तेरावा खेळाडू घ्या, नाहीतर नववा संघ करा. पण अनसोल्ड हा शब्द गावात नको.

मालक मंडळींचं म्हणणं मला माहीत आहे. मंडप आमचा, बॉल आमचे, जेवण आमचं, ट्रॉफी आमची, मग हवा तो खेळाडू का मिळू नये? अहो, लिलावात तरी कुठे मिळतो? दोन भारी खेळाडूंत ७०० पॉइंट घालवायचे आणि उरलेले दहा जण ३० च्या हिशोबाने गोळा करायचे, मग सेमीफायनलला चौथा बॉलर सापडत नाही म्हणून कपाळाला हात! दुसरं कारण जास्त खरं आहे. लिलावाला यूट्यूबवर बघे मिळतात आणि बघे मिळाले की बॅनरला पैसे देणारा मिळतो. हे मी नाकारत नाही. पण ड्राफ्टही लाइव्ह दाखवता येतो. आठव्या नंबरवाल्याला लागोपाठ दोन खेळाडू घ्यायचे असतात, मिनिटभर वेळ, मागे त्याच्या माणसांचा गोंगाट, "कीपर घे, कीपर घे!" हे बघायला कुणाला आवडणार नाही?

आणि नाक्यावरच्या चर्चेसाठी ड्राफ्टनंतर आठ दिवस अदलाबदलीला ठेवावेत. दोन मालक राजी असतील तर डावखुरा द्या, ऑलराउंडर घ्या, एकाला दोन द्या, काय हवं ते करा. अट एकच. कागदावर दोन्ही मालकांच्या सहीखाली त्या खेळाडूचीही सही हवी. ऑस्ट्रेलियात वर्षानुवर्षं हीच रीत होती. पोरगा नको म्हणाला, तर ट्रेड व्हायचा नाही.