पंचाहत्तर टक्क्यांची अट कशाला?

तालुक्याच्या महाविद्यालयात मी मराठी शिकवते. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या, वहीत उतरवल्या. तीच ओवी शेजारच्या गावात कशी बदलते, तेही टिपलं. हे अस्सल संशोधन आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी याच वाटेने लाखावर ओव्या जमवल्या. पण यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधन करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. हिला मिळतात साठच्या आसपास. सकाळी ती द्राक्षबागेत मजुरीला जाते, तास बुडतात. कान मात्र असा की आजीचा श्वास कुठे तुटला तेही लिहून ठेवते! कलाशाखेपुरती तरी ही अट काढा. गुणपत्रिकेऐवजी वही तपासा.