प्रार्थनेतील रिकामी जागा



धानाची रोवणी आटोपली, की तिरोडा परिसरातील शेतकरी कुटुंबांना सायंकाळी थोडी उसंत मिळते. पूर्व विदर्भातील अनेक गावांत या दिवेलागणीच्या वेळेला एक जुने वळण आहे. चार घरची माणसे एकत्र येतात, रांगेत ताठ बसतात आणि सामुदायिक प्रार्थना म्हणतात. हे वळण लावले राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या महाराजांनी १९३५ साली मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांद्वारे पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना खेडोपाडी पोहोचली. त्यांच्या ‘ग्रामगीते’त सामुदायिक प्रार्थनेला जसा स्वतंत्र अध्याय आहे, तसाच ग्रामआरोग्यालाही आहे. मनाची शुद्धी आणि गावाचे आरोग्य या दोन गोष्टी महाराजांनी कधी वेगळ्या मानल्या नाहीत.

आरोग्याच्या दृष्टीने या साधनेत नेमके काय घडते? पहिली गोष्ट श्वासाची. सामान्यतः आपण मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. संथ लयीत प्रार्थना, अभंग वा मंत्र म्हणताना ओळ संपेपर्यंत श्वास सोडणे लांबते आणि श्वसनाची गती आपोआप मंदावते. इटलीतील पाविया विद्यापीठाचे लुचियानो बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी प्रौढांचा अभ्यास करून २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तो प्रसिद्ध केला. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुं’ हा बौद्ध मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहा इतका संथ झाला आणि रक्तदाबाचे नियमन करणारी शरीराची अंगभूत यंत्रणा अधिक संवेदनशील झाली. अभ्यास लहान होता. त्यावरून रोग बरा होतो असे म्हणता येणार नाही. परंतु हरिपाठ असो, बुद्धवंदना असो वा नमाज असो, शांत लयीतील साधना शरीराला विसावा देते हे समजण्यास तो पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट नेमाची. ठरलेल्या वेळी हातपाय धुऊन, स्वच्छ वस्त्र नेसून बाहेर पडणे हे उतारवयात दिवसाला आकार देते. तिसरी आणि कदाचित सर्वांत मोलाची गोष्ट सहवासाची. मुले पोटापाण्यासाठी नागपूर, रायपूर वा पुण्याला गेलेली असताना, आपले नाव घेऊन ‘काका, काल दिसला नाहीत?’ असे विचारणारे कोणी असणे हे मोठे औषध आहे. दीर्घकाळचा एकटेपणा हृदयविकार, नैराश्य व स्मृतिभ्रंश यांचा धोका वाढवतो, हे आता वैद्यकशास्त्रानेही मान्य केले आहे.

म्हणूनच या लेखात मुख्य विनंती आहे ती सांभाळ करणाऱ्या कुटुंबीयांना. वर्षानुवर्षे प्रार्थनेला जाणारे आपले बाबा वा आई एकाएकी जाईनासे झाले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. ती रिकामी जागा बहुधा शरीराची वा मनाची तक्रार सांगत असते. ऐकू कमी येऊ लागले, की माणूस चारचौघांत बसणे टाळतो. मोतीबिंदू वाढला, की परतीची अंधारी वाट भीतिदायक वाटते. गुडघे दुखतात, लघवी आवरत नाही, आणि ते सांगण्याचा संकोच वाटतो. जोडीदार गेल्यानंतर शेजारची जागा पाहवत नाही. ओळी विसरू लागल्याने लाज वाटते. यांपैकी बहुतेक गोष्टींवर उपाय आहेत. प्रथम कारण शोधले पाहिजे. तेव्हा रागे न भरता, निवांत वेळी विचारावे, ‘बाबा, तिथे बसताना काही त्रास होतो का?’ मग कान, डोळे व औषधे यांची तपासणी करून घ्यावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप वा भूक कमी होणे, जगण्याविषयी निराशेचे बोलणे दिसले, तर विनाविलंब डॉक्टरांना भेटावे.

साधना निर्वेध चालावी यासाठी काही पथ्ये आवश्यक आहेत.

आसनाचा आग्रह नसावा. भिंतीला टेकून, खुर्चीवर वा पलंगावर बसून केलेली प्रार्थनाही प्रार्थनाच असते. बराच वेळ बसून एकदम उठल्यास रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. शेवटची ओळ संपल्यावर मिनिटभर पाय हलवावेत, आधार घ्यावा आणि सावकाश उठावे.

उपवासाबाबत विशेष दक्षता हवी. मधुमेहासाठी इन्सुलिन वा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे ही तिची लक्षणे. रुग्ण शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता त्वरित रुग्णालय गाठावे. एकादशीला रक्तदाबाची गोळीही स्वतःच्या मनाने टाळू नये. उपवास करावयाचाच असेल, तर आधी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी.

दमा किंवा जुना खोकला असणाऱ्यांच्या बंद खोलीत उदबत्ती व धूप जाळू नये. निरांजन दूर ठेवावे, खिडकी उघडी असावी. कोजागिरीनंतरच्या काकड आरतीला आपल्या भागात गारठा पडू लागतो. कान व छाती झाकल्याशिवाय, आणि हृदयरोग असल्यास सोबतीशिवाय, पहाटे बाहेर पडू नये. श्वास कोंडून धरण्याचे प्रकार हृदयरुग्णांनी व रक्तदाबाच्या रुग्णांनी टाळलेलेच बरे.

ज्यांना घराबाहेर पडणे शक्यच नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना घरी आणता येते. रोज एकाच वेळी दूरदर्शन संच बंद करून दहा मिनिटे घरातील दोघांनी तरी त्यांच्याजवळ बसावे आणि त्यांना परिचित असेल तेच म्हणावे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना अनेकदा नातवाचे नाव आठवत नाही, पण तरुणपणी पाठ केलेले भजन ओठांवर येते. चूक झाली तरी दुरुस्त करू नये. त्यांच्या लयीने आपण चालावे. आठवड्यातून एकदा मंडळातील दोन जुन्या सोबत्यांना घरी बोलावता आले, तर त्याहून उत्तम.

आणि सांभाळ करणाऱ्या माझ्या भगिनी-बंधूंनो, ती दहा मिनिटे तुमचीही आहेत. दिवसभर गोळ्या, जेवण, अंघोळ यांच्या धावपळीत तुमचाही श्वास उथळ होत असतो. मोठ्यांच्या शेजारी बसून तोही थोडा लांबवा. आजच सायंकाळची एक वेळ ठरवा आणि घरातील सर्वांना ती सांगून ठेवा.